म्हैस सापडली, फुलाय नाही

लहानूजी तायडेंनी आयुष्यात एकही सिनेमा पुरा पाहिला नाही, आणि परतवाड्यात त्यांच्याइतके सिनेमे कोणी विकले नाहीत. आमच्या टॉकीजच्या टांग्यावर बॅटरीचा भोंगा बांधलेला असे, दोन्ही बाजूंना पोस्टरच्या चौकटी, आणि पुढे एका हातात लगाम, एका हातात माइक घेऊन लहानूजी. घोडी इतकी तयार झालेली, की चौक आला की आपली आपण थांबायची आणि यांचं बोलणं संपलं की आपली आपण चालू लागायची. शेठ म्हणायचा, टॉकीजात अक्कल असलेलं हे एकच जनावर आहे. म्हणताना तो आमच्याकडेही बघायचा.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. हे वर मशीनवर आपरेटर, मी खाली बायकांच्या दारावर. तेव्हा बायकांची बसायची जागा वेगळी, दार वेगळं, आणि त्या दारावर तिकिटं फाडायला बाईमाणूसच लागे. चांगल्या काळ्या रानाच्या घरातली सून सिनेमाच्या दारावर उभी राहते हे सासरच्यांना पसंत नव्हतं. त्यांना पुष्कळ गोष्टी पसंत नव्हत्या. मी उभी राहिले, आणि चांगली बारा-तेरा वर्षं राहिले.

लहानूजी अंगानं काडी. वाऱ्यात छत्री उघडली असती तर छत्रीबरोबर गेले असते. पण आवाज असा, की एवढ्याशा माणसात तो ठेवला कुठं असेल याचं मला कोडं पडे. बॅटरी उतरलेली असली तरी त्यांचं काही अडत नसे. भोंगा आपला शोभेला.

सिनेमाची गोष्ट ते पोस्टर बघून रचत. एकदा नागाचा एक सिनेमा आला. पोस्टरवर एक नाग. लहानूजींनी गावभर सांगितलं, तीन नाग आहेत, त्यातला एक खरा आहे आणि बाया-माणसांनी लेकरं मांडीवर घेऊन बसावं. सिनेमा सुटल्यावर बायका माझ्या दारावर भांडायला उभ्या. बाकीचे दोन नाग कुठं गेले म्हणे. जसे काही मी ते पदरात बांधून घरी नेले. मी तणतणत लहानूजींकडे गेले, म्हटलं, "भाऊ, निदान एकदा आत बसून पाहात जा ना काय असते ते."

"नाही वैनी," ते शांतपणे म्हणाले. "पाह्यलं का मंग खोटं बोलता येत नाही."

"पण पोस्टरवर एकच नाग आहे."

"एक पुढून दिसते. बाकीचे मांगं असतीन."

या माणसाशी भांडून मी कधी जिंकले नाही.

आणखी एक. त्यांना नुसतं लहानू म्हटलेलं चालत नसे. 'जी' लागे. शेठ मुद्दाम लहान्या म्हणायचा. "लहान्या, टांगा काढ." काही नाही. "अबे ए लहान्या." घोडी मान वळवून बघायची, लहानूजी नाही. अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस तेवढ्यापुरता ठार बहिरा. शेवटी शेठ दात खाऊन म्हणायचा, "लहानूजी." की लगेच, "काय शेठ, बलावलं काय?"

यामागं जे होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा बाप गावकीचं डफडं वाजवायचा. कोण मेलं, कोणाचं ढोर हरवलं, सारा कधी भरायचा, सगळ्या गावाची खबर बापाच्या तोंडून जायची आणि बाप स्वतः वेशीबाहेर उभा. भाकर मागून खायची. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीनं धर्म बदलला तशी ही गावकीची कामंही सोडली, आणि घरातलं डफडं लहानूजींनी स्वतः चुलीत घातलं. "कातडं लय वेळ जळत नाही वैनी, वास मातर येते," एवढंच म्हणाले. नवीन सिनेमा लागला की शेठला वाटे टांग्यापुढं डफडं वाजावं. लहानूजी म्हणत, "मी बॅटरीवर बोलतो, कातड्यावर नाही. पगार घेऊन बोलतो." हा एक विषय सोडला तर ते कशालाही हसत, माझ्या स्वयंपाकालाही.

आता म्हशीचं. ठाण्यातल्या जमादाराची म्हैस हरवली. जमादार स्वतः टॉकीजवर आला, टांग्यावरून सांगायला लावलं. लहानूजींनी त्या म्हशीचं असं वर्णन केलं, की आमच्या कुठल्या नटीचं कधी केलं नसेल. कपाळावर चांद, डावं शिंग खाली वळलेलं, चाल डौलाची, दूध देते पण लाथ मारते. पाह्यली त्यानं ठाण्यात कळवावं, पाह्यली नसन त्यानं संध्याकाळी सिनेमाले यावं. म्हैस अचलपुरात कोणाच्या गोठ्यात सापडली. जमादारानं लहानूजींना ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून कपबशीत चहा पाजला. कपबशीत, हे महत्त्वाचं. लहानूजींनी तेही बाजारभर सांगितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सोनाय आली.

बाजाराच्या दिवशी मेळघाटातले कोरकू आदिवासी खाली उतरत. मोळ्या, मध, डिंक, टोपल्या घेऊन येत आणि मीठमिरची, तेल घेऊन उन्हं उतरायच्या आत परत डोंगराकडं. सोनाय घटांगच्या वरच्या अंगाची. मोळी विकून माझ्या दाराच्या पायरीवर सावलीला बसली ती उठेचना. मी पाणी दिलं. तिला आमची बोली अर्धीमुर्धी येई. तिची पोरगी फुलाय मागल्या होळीनंतर एका मुकादमाबरोबर खाली जीनात कामाला गेली होती, कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात. ही होळी आली आणि गेली. फुलाय आली नाही.

आता हे आपल्याला साधं वाटतं. पण कोरकूंच्या घरी होळी म्हणजे दिवाळीच्या वर. माणूस कुठंही असो, होळीला घरी येतोच. नाही आला तर आजारी असेल, पुढच्या होळीला येईल, असं म्हणायचं आणि गप बसायचं. मेला असेल असं तोंडातून काढायचं नाही. मेलेल्यासाठी त्यांच्यात सागाचा कोरीव खांब उभा करतात, मुंडा म्हणतात त्याला. मरण कळल्याशिवाय मुंडा नाही आणि मुंडा झाल्याशिवाय मेलेल्याच्या जिवाला ठिकाण मिळत नाही. तेव्हा सोनायला तिची पोरगी ना जिवंत धरता येत होती ना मेलेली. तिला एवढंच कळायला हवं होतं, पोरगी कुठं आहे.

लहानूजी घोडी बांधून आले. पायरीवर खाली बसले.

"नाव काय पोरीचं?"

"फुलाय."

"दिसाले कशी हाय?"

असला प्रश्न तिला कोणी विचारला नसावा. "फुलायसारखी," ती म्हणाली.

"तसं नाही माय. रंग, उंची, काही खूण."

सोनायनं कपाळावर बोट ठेवलं, तिथं तिच्यासारखंच गोंदण होतं म्हणे. मग जरा विचार करून म्हणाली, "हासते. लय हासते. मोठ्यानं." आणि ते सांगताना तिलाच हसू आलं, आणि ते तिनं लगेच पुसून टाकलं.

ठाण्यात ती जाऊन आली होती, हाकलली गेली होती. लहानूजी म्हणाले, मायासंग चाल, जमादार आपल्या वळखीचा हाय. आमचे हे मला म्हणाले, तू यात पडू नको. म्हणून मी पण गेले.

जमादार पान लावत होता. ऐकून घेतलं न घेतलंसं केलं. "कोरकूची पोरगी हाय. गेली असन कोनासंग. त्यायच्यात चालते तसं. येईन पुढच्या होयीले लेकरू घेऊन."

लहानूजी हात जोडून म्हणाले, "सायेब, म्हशीच्या टायमाले तुमी असं नाही म्हनले."

"काय नाही म्हनलो?"

"गेली असन एखाद्या रेड्यासंग, येईन पुढच्या होयीले, असं नाही म्हनले."

त्या दिवशी चहा मिळाला नाही. आम्हाला तिघांना व्हरांड्यावरूनसुद्धा खाली उतरवलं. मला रस्त्यात इतकं हसू फुटलं की थांबावं लागलं, आणि मग सोनायचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं.

पुढच्या बाजारी टांगा निघाला. नेहमीसारखा सिनेमा सांगून झाला, आणि मग लहानूजींनी आवाज चढवला. "आनि मंडळी, आयका. जमादार सायबाची म्हैस सापडली. घटांगची फुलाय सापडली नाही. कपायावर गोंदन, मोठ्यानं हासते, गेल्या सालच्या होयीनंतर मुकादम घेऊन गेला, अजून वापस नाही. म्हैस सापडली, फुलाय नाही." चौकाचौकात हेच. घोडी थांबायची आणि हे सुरू व्हायचे.

आणि संध्याकाळी काय व्हावं. माझ्या दारावर ही रांग. "बाई, फुलायचं तिकीट दे." मी म्हटलं, कोणत्या फुलायचं? "तेच ते. ज्यात पोरगी हारपते. म्हैस पन हाय म्हनते त्याच्यात." लोकांना वाटलं नवा सिनेमा लागला. टांग्यावरून दुसरं काही सांगतात हे कोणाच्या गावीच नव्हतं. पुरुषांच्या खिडकीवर एक म्हातारा हटून बसला, मागल्या टायमाले दोन नाग कमी दिले, आता म्हैस दाखवल्याशिवाय मी उठत नाही.

शेठ आधी भडकला, मग त्यानं गर्दी पाहिली, मग थंड झाला. टॉकीज भरली. जो सिनेमा लागला होता तोच दाखवला, आणि मध्यंतरात लहानूजी पहिल्यांदा आत आले. पडद्यापुढं उभे राहिले. ह्यांनी वरून मशीनचा उजेड त्यांच्यावर सोडला. यात पडू नको म्हणणारे हे. मी दारातून बघत होते.

"फुलाय हा सिनेमा नाही," लहानूजी म्हणाले. "ते पोरगी हाय. तिची माय भाईर बसली हाय. सिनेमातली हारपली तर शेवटी भेटते म्हनून तुमी पैसे मोजता. ही भेटन का नाही ते मले ठाऊक नाही. कोनी पाह्यली असन तर सांगा."

कोणीतरी शिटी मारली. "शिटी मारनाऱ्या, तुयी बहीन कुठं हाय आता?" लहानूजींनी विचारलं. "घरी." "पक्कं ठाऊक हाय ना? मंग बस खाली, नशीबवान हायस."

तो बसला. पण खरी गोष्ट पुढच्या बाजारापासून सुरू झाली. कोरकू एकेक करून टांग्याजवळ येऊ लागले. माझा पुतण्या पण आला नाही दादा. माझी बहीण, तिची तर दुसरी होळी गेली. माझी सून. एका गावच्याला दुसऱ्या गावचं ठाऊक नव्हतं. जो तो आपल्या घरात होळीची वाट बघत गप बसला होता. आणि लहानूजींच्या ध्यानात आलं की मुकादम माणसं नेतो ती होळी झाल्याबरोबर. म्हणजे वर्षभर कोणी विचारायला येत नाही. हे ऐकून मी त्या मुकादमाला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

भोंग्यावरून आता सिनेमापेक्षा नावंच जास्त जाऊ लागली. जीनवाले आणि शेठ एका पंगतीतले. त्यांनी शेठच्या कानाला लागून सांगितलं असावं. एक दिवस शेठनं टांग्यावरचा भोंगा उतरवून आत कुलपात ठेवला. "सिनेमा सांगायला तोंड पुरे आहे तुझं."

"पुरे हाय ना शेठ," लहानूजी म्हणाले, आणि बाजाराच्या दिवशी टांगा न घेताच बाजारात जाऊन उभे राहिले. पण बाजाराचा कलकलाट तो. बैलांचे, भाजीवाल्यांचे, भांडणांचे आवाज. लोक मान वर करीनात. एक कोरकू म्हातारा गळ्यात ढोल घालून आला. ढोल पाहताच लहानूजी मागं सरकले. "मी वाजवनार नाही. हे मी सोडलं हाय."

"तुले कोन सांगतलं वाजवाले?" म्हातारा म्हणाला. "ढोल आमचा हाय. होयीचा हाय. आमीच वाजवतो. तू बोल."

आणि वाजवला की त्यानं. होळीचा ढोल उन्हाळ्याच्या भर बाजारात वाजला म्हटल्यावर होते नव्हते ते सगळे कोरकू धावत आले, आणि त्यांच्यामागं उरलेला बाजार. तेवढ्यात लहानूजींच्या वस्तीतले दोन वडीलधारेही आले, पांढरे सदरे घालून, चांगले तावात. त्यांना कोणी सांगितलं होतं की तायड्याच्या पोरानं परत दवंडी धरली. येऊन बघतात तर ढोल दुसऱ्याच्याच गळ्यात. तक्रार करायला जागा उरली नाही. मग त्यातले एक म्हणाले, "मोठ्यानं बोल लहानूजी. मांगं आयकू येत नाही."

फुलायचा पत्ता लागला तो मात्र माझ्या दारावर. एक लेकुरवाळी बाई परतवाड्याला माहेरी आली होती, सासर बार्शीटाकळीकडचं. सिनेमा सुटला, सगळ्या बायका गेल्या, ही रेंगाळली. "बाई," ती म्हणाली, "ते हासनारी पोरगी मी पाह्यली. आमच्या जीनात होती." आणि पुढचं तिनं इकडंतिकडं बघत सांगितलं. मुकादम बायकांच्या झोपायच्या खोलीत शिरला तेव्हा फुलायनं त्याच्या डोक्यात सरकीचं घमेलं घातलं. सगळ्या बायका हसल्या. तीही हसली, मोठ्यानं. सकाळी ती दिसली नाही. मग म्हणाले, जीनामागच्या विहिरीत पडली.

मी हे लहानूजींना सांगितलं. सोनायला कसं सांगायचं याच्या आम्ही दोघांनी पायरीवर बसून दहा रीती काढल्या आणि दहाही टाकल्या. शेवटी लहानूजींनीच सांगितलं, अगदी सरळ. ती म्हणाली, "मले तिथं ने."

गेलो. बसनं अमरावती, बडनेऱ्याहून गाडीनं अकोला, पुढं बार्शीटाकळीच्या वाटेला. लहानूजी, सोनाय आणि मी. सोनाय आगगाडीत पहिल्यांदा बसली होती आणि खिडकीबाहेर बघतसुद्धा नव्हती. दुपारी जेवणाच्या सुट्टीला जीनाच्या फाटकातून बायका बाहेर पडल्या, डोक्यापासून पायापर्यंत कापसाच्या केसाळीनं पांढऱ्या झालेल्या. लहानूजी तिथं उभे राहिले आणि ना भोंगा ना ढोल, फुलायचं नाव, गाव, गोंदण, हसणं सगळं सांगितलं. "तिची माय आली हाय. आनखी काही नाही मागत, काय झालं तेवढं सांगा."

बायका पदर तोंडावर घेऊन निघून चालल्या. एक थांबली. "पडली नाही ते," ती म्हणाली. "ढकलली." मग दुसरी थांबली. मग तर सगळ्याच एकदम बोलू लागल्या. वर्षभर तोंड दाबून धरलेल्या बायका. कागदोपत्री बेवारस बाई, पाय घसरून पडली, एवढंच होतं म्हणे. नाल्याच्या काठाला पुरली होती. जागा त्यांनीच दाखवली.

सोनाय त्या मातीवर बसली. रडली नाही. मूठभर माती घेऊन लुगड्याच्या पदरात बांधली. मीच रडले, आणि चांगली हमसून रडले. लहानूजींच्या तोंडून त्या दिवशी परतीच्या वाटेवर परतवाड्यापर्यंत शब्द निघाला नाही. इतका वेळ गप बसलेला तो माणूस मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्याची भीती वाटली.

त्या बायकांच्या जबाबांवरून खटला उभा राहिला, वर्ष-दीड वर्ष चालला. त्यांतल्या काही साक्षीला आल्या, काही आल्या नाहीत. वकिलानं विचारलं, अंधारात तुम्हाला दिसलं कसं. मुकादम सुटला. मला अजून त्या वकिलाची आठवण आली की दाढा आवळतात. पण फुलायचं नाव कागदावर चढलं, बेवारस खोडलं गेलं, आणि सोनायनं तिच्या गावात सागाचा मुंडा उभा केला, घोडा आणि चंद्रसूर्य कोरलेला. लहानूजी गेले होते. परत आल्यावर मला म्हणाले, "वैनी, हारपल्यावर बोंबलन्यात मतलब नाही. आता आपुन आधीच बोंबलू."

मला काही कळलं नाही. पुढची होळी झाली आणि कळलं.

मुकादमांचे ट्रक बाजाराच्या तोंडाशी लागले, माणसं चढू लागली, आणि लहानूजी ट्रकच्या मागच्या फळीला टेकून उभे. शेठनं भोंगा परत दिला होता. त्याच्याशिवाय तिकिटं खपत नव्हती, बाकी काही नाही. एकेकाचं नाव विचारून ते सिनेमातल्या नटांची नावं सांगावी तसे सांगायचे. "आयका मंडळी. ही घटांगची बुधाय. उंच हाय, डाव्या हातावर विंचवाचं गोंदन. चालली अकोल्याकडे, अमक्या जीनात. हा तिचा भाऊ सोमा, याच्या दाताले फट हाय. आनि हे," मुकादमाकडं बोट, "हे यायले घेऊन चालले. चेहरा नीट पाहून ठेवा. सायेब, जरा टोपी काढा, लोकायले दिसत नाही." मुकादमाला टोपी काढावी लागे. अख्खा बाजार बघत असायचा ना. तेलवाला, भाजीवाल्या, सगळे. प्रत्येक नावानंतर लहानूजी विचारत, "आयकलं?" आणि बाजार म्हणे, "आयकलं." आधी हसत म्हणायचे. नंतर नुसतं म्हणायचे. एकदोन मुकादमांनी परतवाड्याचा रस्ताच सोडला. एकानं लहानूजींना मारलंही. ते मार खाऊन, सुजलेल्या ओठानं, त्याच ट्रकवरची उरलेली नावं सांगून मोकळे झाले.

आणि होळीच्या आदल्या बाजारी ट्रक परत येत तेव्हा तीच नावं उलटी. उतरला की लहानूजी सांगत, "सोमा. आला." सोनाय त्यांच्याजवळ उभी असे. तिला सगळ्यांची नावं पाठ असत. त्या दिवशी ती मोळी आणत नसे.

आम्ही परतवाडा सोडलं तो असाच होळीच्या आधीचा बाजार. ह्यांना अमरावतीच्या टॉकीजात काम मिळालं होतं. ट्रंका, वळकट्या बसच्या टपावर चढवून आम्ही बसलो होतो. उन्हं उतरत आलेली. बस सुटायची वेळ होऊन गेली तरी कंडक्टर घंटी मारीना. मी वैतागले. म्हटलं, आता काय मुहूर्त लागतो काय?

"एक पोरगी राह्यली," कंडक्टर म्हणाला. "सुगाय. ट्रकात होती म्हनते, पन उतरली नाही."

मी खिडकीतून बघितलं. बाजार उठायची वेळ झाली होती आणि कोणी उठत नव्हतं. तेलवाल्यानं पिंप झाकलं होतं पण तो पिंपावर बसून होता. भाजीवाल्या टोपल्या रचून उभ्या. लहानूजी ट्रकाजवळ माइक खाली धरून. मुकादम घामाघूम, शपथा खात होता. आणि ठाण्यातला जमादार, तोच, सायकल धरून गर्दीत आला आणि त्यानं हळूच विचारलं, "सुगाय आली काय?" मला घाई होती, अमरावतीला पोचून चूल पेटवायची होती, पण घंटी मार असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

बराच वेळ गेला. मग अचलपूरच्या रस्त्यानं कडब्याची एक बैलगाडी आली, आणि कडब्यावर एक पोरगी, मांडीवर पत्र्याची पेटी. वाटेत ट्रक थांबला तशी ती अचलपुरात बांगड्या भरायला उतरली होती आणि ट्रक तिला सोडून पुढं आला होता. बाई आपली हिरव्या बांगड्या वाजवत गाडीवरून उतरली. सगळा बाजार तिच्याकडं बघत होता. ती घाबरली.

"काय झालं?" ती म्हणाली. "काहून पाहून राह्यले सगळे मायाकडे?"

लहानूजींनी माइक तोंडाशी नेला. तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं, तरी नाही. तेव्हा सोनाय पुढं झाली. तिनं त्या पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट बघितलं, मग बाजाराकडं वळली.

"सुगाय," ती म्हणाली. "आली."

कंडक्टरनं घंटी मारली.